बर्फकाका आणि राहिलेला दुसरा अंक

पहिल्यांदा ते मला भेटले ते मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या इंडियन स्टोअरमधल्या फ्रीजरमध्ये. म्हणजे कमरेच्या वरचे फ्रीजरमध्ये आणि खालचे बाहेर. मला फ्रोझन पराठे हवे होते, आणि हे गृहस्थ दार उघडं टाकून, डोकं आत खुपसून, आतल्या भिंतीवरचा बर्फ नखानं खरवडत होते. मी दोनदा "एक्सक्यूज मी" म्हटलं. ढिम्म हलले नाहीत. मग मी वैतागून मराठीत पुटपुटले, "काय माणूस आहे!" तेव्हा कुठे डोकं बाहेर आलं. भुवयांवर पांढरा चुरा.

"मराठी का? बरं झालं. हे बघ. याला बर्फ म्हणायचं? बुरशी आहे ही बुरशी! दार धड बंद होत नाही, ओलावा आत शिरून राहिला, आणि मालक म्हणतो, चालतंय."

"काका, मला पराठे घ्यायचेत."

"घे ना मग. कोण नाही म्हणतं? रविवारी सकाळी काय करतेस?"

रविवारी सकाळी मी झोपते. तेच सांगितलं. तर म्हणाले, "दुपारी झोप. सकाळी गाडी पाठवतो." पत्ता लिहून घेतला आणि खरंच पाठवली. गाडीत स्वतः बसून आले आणि माझ्या अपार्टमेंटखाली हॉर्न वाजवत राहिले. हॉर्न कसला, शेजारची म्हातारी खिडकीत येईपर्यंत वाजवला. मी लाजेकाजेस्तव खाली उतरले. मिशिगनमध्ये मी नुकतीच आले होते. दिवसभर ऑफिसात गाड्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि रात्री पराठा गरम करायचा, एवढाच काय तो माझा संसार. त्यात हे काका शिरले ते शिरलेच.

काका मूळचे नागपूरचे. गाड्यांच्या कंपनीत ब्रेकच्या डिपार्टमेंटमधून रिटायर झालेले. "जन्मभर गाड्या थांबवल्या," म्हणायचे, "आता जरा सरकवून राहिलो." सरकवायचे ते दगड. कर्लिंग हा खेळ मी तोवर कधी पाहिला नव्हता. लांबलचक बर्फाची पट्टी, टोकाला रंगीत वर्तुळं. त्या वर्तुळांना म्हणायचं हाऊस. इकडच्या टोकाकडून मूठ बसवलेला ग्रॅनाइटचा दगड सोडायचा. दिसायला मोठ्या कुकरएवढा, पण उचलायला जाल तर कंबर कामातून जाईल. तो हाऊसच्या मधोमध जाऊन थांबला पाहिजे. त्याच्यापुढे दोघं ब्रशनं बर्फ घासत पळतात, म्हणजे तो लांब जातो. ज्याचा दगड मध्याच्या जवळ, त्याचा पॉइंट. झाला खेळ. हे सगळं आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "इथे कधी केर काढला नाहीस, आणि तिकडे जाऊन झाडू घेऊन पळतेस?"

आमचा क्लब एका जुन्या गोडाऊनमध्ये होता. पगारी माणूस एकही नाही, सगळी कामं व्हॉलंटियर्सवर. क्लबची प्रेसिडेंट लिंडा, शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण, सहा फूट उंच, तिच्या आवाजाला सगळे टरकायचे. पण लिंडासुद्धा बर्फावर पाऊल ठेवायच्या आधी काकांकडे बघायची. बर्फ काकांचा होता. क्लबचे कागद काहीही म्हणोत.

दाराशी एक स्टूल टाकून काका बसायचे. हातात कपड्यांवरची लव काढायचा चिकट रोलर. आत जाणाऱ्या प्रत्येकानं आधी बुटांचे तळवे दाखवायचे, मग हात पसरून उभं राहायचं. काका पुढून, मागून, काखेपर्यंत रोलर फिरवायचे. "एक केस," ते मला सांगायचे, "फक्त एक केस दगडाखाली आला, की दगड भलतीकडे. मॅच गेली. आणि तो केस कुणाचा, ते मी ओळखतो." हे शेवटचं खोटं होतं, पण कुणाची विचारायची हिंमत नव्हती. लोकरीच्या शाली त्यांच्या दृष्टीनं गुन्हा. एकदा काकू नवी पश्मिना घालून आल्या, तर त्यांनाही काचेच्या पलीकडे बसवलं. लग्नाच्या बायकोला! काकू तिथून मला खुणा करत होत्या, की बघ, बघ तुझ्या काकांचं.

बर्फ दिसला की ते थांबायचे. हॉटेलात पाण्याचा ग्लास आला की आधी तो उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "घाईत केलाय." हायवेवर कुठे तळं गोठलेलं दिसलं की गाडी कडेला. काकू आत बसून राहायच्या, हीटर चालू ठेवून, आणि काका तळ्याच्या काठावर बुटाच्या टाचेनं टकटक करत. "नागपूरच्या उन्हाळ्यात लहानपणी बर्फाच्या गोळ्यासाठी इतका रडलाय हा माणूस," काकू म्हणायच्या, "की आता देव नको नको म्हणेपर्यंत देऊन राहिला."

पण खरं बघण्यासारखं असायचं ते त्यांचं रविवार सकाळचं काम. मॅच सुरू व्हायच्या आधी बर्फावर पाणी शिंपडावं लागतं. पाठीवर गरम पाण्याची टाकी, हातात नळी, नळीला झारीसारखं तोंड. काका पट्टीच्या एका टोकाला उभे राहायचे आणि उलटे चालत यायचे, मनगट डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. थेंब पडून जागीच गोठायचे. पाठीवर घामोळं यावं तसे बारीक दाणे सगळ्या बर्फावर उठायचे, आणि त्या दाण्यांवरून दगड घसरतो. हात एकसारखा चालला पाहिजे, पाय एकसारखे पडले पाहिजेत. आणि चालताना काका तोंडानं काहीतरी म्हणत असायचे. पुटपुटत. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड, पुढची पट्टी धरली की पुन्हा पहिल्यापासून.

क्लबातल्या लोकांची पक्की समजूत होती, की हा भारतातला बर्फाचा मंत्र आहे. लिंडा त्याला 'आइस प्रेअर' म्हणायची. तो चालू असताना कुणी बोलायचं नाही, कॉफीचा कपसुद्धा आवाज न करता ठेवायचा. लिंडा तर डोक्यावरची टोपी काढून उभी राहायची. मी मनात म्हणायचे, बाई गं, नागपुरात कुठून आलाय बर्फाचा मंत्र! मला वाटायचं रामरक्षा असेल. एकदा विचारलं, "काका, काय म्हणता हो?"

"काही नाही. पायांना चाल राहते."

"पण काय?"

"तुझे मॉप धुऊन झाले का?"

विषय बंद. एकदा मात्र मी जवळच दगडांचे तळ पुसत होते तेव्हा एक शब्द नीट ऐकू आला. 'ऊब.' मला गंमत वाटली. बर्फ करणारा माणूस आणि तोंडात ऊब! मग विसरूनही गेले.

या खेळात अंपायर नसतो. काकांचं या खेळावर प्रेम का जडलं असं कुणी विचारलं, की ते हेच सांगायचे. घासताना तुमचा ब्रश चालत्या दगडाला लागला, तर तुम्हीच हात वर करायचा आणि सांगायचं, माझा लागला. कुणी पाहिलं असो वा नसो. मग दगड थांबला की समोरच्या टीमच्या कॅप्टननं ठरवायचं, तो ठेवायचा की काढायचा. आणि दुसरं म्हणजे, मॅचच्या आधी हात मिळवायचे, नंतरही मिळवायचे, आणि जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला काहीतरी प्यायला आणून द्यायचं आणि त्याच्याच टेबलाशी बसायचं. यातून कुणाची सुटका नाही. एकदा एक तरणाबांड गडी हरल्यावर तणतणत पार्किंगमध्ये निघून गेला. काका त्याच्यामागे. बर्फात, घरातल्या सपाता घालून, हातात हॉट चॉकलेट. त्याच्या गाडीपुढे उभे राहिले. "यू लॉस्ट. सो यू ड्रिंक," एवढंच म्हणत राहिले. त्यानं हॉर्न वाजवला. हॉर्न वाजवून काकांना कोण हलवणार! शेवटी बिचारा उतरला आणि आत येऊन प्यायला. पुढे तोच क्लबचा खजिनदार झाला.

मी ही गोष्ट काकूंना मोठ्या कौतुकानं सांगितली. काकू भाजी निवडत होत्या. "हो का," म्हणाल्या, "घरी मात्र एकदाही हात वर झाला नाही हो यांचा. आणि जिथे व्हायला पाहिजे होता, तिथे तर नाहीच नाही."

त्या दिवशी मला डॉक्टरांची गोष्ट कळली.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, मूळचे सांगलीचे. काका आणि ते एकाच सुमाराला या गावात आले, शेजारी शेजारी घरं घेतली, दोघांची मुलं एका ताटात जेवून मोठी झाली. डॉक्टरांना नाटकाचं भयंकर वेड. दरवर्षी गणपतीत इथल्या मराठी मंडळाचं नाटक, हिरो डॉक्टर, आणि विंगेत प्रॉम्प्टर म्हणून काका. दुसरा प्रॉम्प्टर डॉक्टरांना चालायचाच नाही. मग एका वर्षी डॉक्टरांनी स्वतःच तीन अंकी नाटक लिहिलं. त्यातल्या दुसऱ्या अंकात बापाचं एक लांबलचक स्वगत होतं, राहतं घर विकायच्या आदल्या दिवशीचं. त्यासाठीच अख्खं नाटक लिहिलेलं. सहा महिने ते स्वगत पाठ करत होते, दाढी करताना, पेशंटच्या तोंडात हात असताना.

प्रयोगाच्या दिवशी डॉक्टर एंट्री घेऊन रंगमंचाच्या मध्ये आले, खुर्चीला हात लावला, आणि आवंढा गिळला. पहिलं वाक्य गेलं डोक्यातून. विंगेकडे पाहिलं. विंगेतून वाक्य आलं, "चला, निघतो मी." ते होतं तिसऱ्या अंकाचं शेवटचं वाक्य. डॉक्टर सवयीनं म्हणून गेले, "चला, निघतो मी," आणि निघाले! पडदेवाल्यानं ते वाक्य ऐकून पडदा ओढला. मध्यंतराच्या आधीच नाटक संपलं. वडे यायला अजून तास होता. हॉलमध्ये लोक एकमेकांकडे बघतायत, पोरं भुकेनं रडतायत, आणि बंद पडद्यामागून माईकवर डॉक्टरांचा आवाज, "प्रॉम्प्टर झोपला होता का?" त्यावर काकांचा आवाज, "अबे, पाठांतर कुणाचं नाही, ते बघ आधी!" सगळा हॉल हसला. त्या नाटकात लोक तेवढेच हसले म्हणतात.

त्या दिवसापासून बोलणं बंद. डॉक्टर म्हणायचे, यानं पानं गाळली. काका म्हणायचे, मी बरोबर सांगितलं, यानंच उडी मारली. मधल्या अंगणात काकांनी झुडपांचं कुंपण लावलं. काकांच्या मुलीच्या लग्नात डॉक्टर नव्हते. डॉक्टरांची बायपास झाली तेव्हा काका हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये दिवसभर गाडीत बसून राहिले आणि वर न जाता घरी आले. "मला म्हणाले, टायर बघायला गेलो होतो," काकू म्हणाल्या. "मी आणि डॉक्टरांची बायको, आमच्या वहिनी, तर चोरून भेटतो, इंडियन स्टोअरमध्ये, डाळींच्या मागे. या वयात! आणि आता ते लोक घर विकून निघालेत. मार्चमध्ये. ॲरिझोनाला, मुलाकडे. जायच्या आधी या दोघांनी एकदा एकमेकांसमोर बसून चहा घ्यावा, एवढंच माझं मागणं आहे बाई. नाहीतर हे दोघं असेच मरतील, ताठ."

काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला राग आला होता. दोन शहाणीसुरती माणसं, आणि कशावरून? मी म्हटलं, "काकू, तुमचे हे कुणाशी हात मिळवायला नाही म्हणू शकत नाहीत अशी जगात एकच जागा आहे."

काकूंनी भाजी खाली ठेवली.

मग आम्ही दोघींनी आणि वहिनींनी मिळून कारस्थान रचलं. मंडळाची हिवाळी सहल यंदा कर्लिंग क्लबला. लिंडा खूश, मंडळ खूश. रविवारची दुपार ठरली. टीम पाडायचं काम माझ्याकडे आणि फळ्यावर नावं लिहायचंही माझ्याकडे. शेवटच्या पट्टीवर मी दोन कॅप्टन लिहिले, काका आणि डॉक्टर, आणि फळ्यापासून लांब जाऊन उभी राहिले.

मंडळाची माणसं आली ती सगळी शाली, मफलर, कानटोप्या घालून. काकांचा जीव वरखाली. रोलरच्या रोलर संपत होते. आणि रांगेत डॉक्टर आले. उंच, गोरे, अंगात काळा लोकरी ओव्हरकोट, वर मांजराचे केस. पांढऱ्या मांजराचे! काकांनी मान वर केली. डॉक्टर समोर बघत उभे. मला वाटलं, आता काका स्टूल सोडून निघून जाणार. पण काकांची नजर त्या केसांवर गेली आणि तिथेच अडकली. एक शब्द न बोलता त्यांनी रोलरचा नवा कागद फाडला. डॉक्टरांनी एक शब्द न बोलता हात पसरले. काकांनी पुढून फिरवला, मागून फिरवला, कॉलर उलटून आतून फिरवला. इतका वेळ त्यांनी कुणावरही घालवला नव्हता. मग डॉक्टरांनी एक एक बूट उचलून दाखवला. काकांनी मान हलवली. डॉक्टर आत गेले.

फळा बघून काका माझ्याकडे आले. "हे तू केलंस."

"ड्रॉ निघाला तसा, काका."

"ड्रॉ निघाला! शिकवून राहिली मला." पण नाव पुसलं नाही. हात मिळवायची वेळ आली तेव्हा दोघांनी मिळवले, दोघांचीही तोंडं छताकडे.

मॅचबद्दल फार सांगत नाही, कारण खेळण्यापेक्षा पडणंच जास्त झालं. पण डॉक्टरांचा हात बरा निघाला. दात काढणारा हात तो. शेवटचा दगड उरला तेव्हा त्यांचा एक दगड मध्याच्या जवळ होता, आणि काकांच्या, म्हणजे आमच्या, टीमचा शेवटचा दगड टाकायची पाळी माझी.

मी कधीच चांगली खेळाडू नव्हते. पण त्या दिवशी दगड हातातून सुटला आणि मला कळलं, हा चांगलाय. सरळ, शांत, जणू त्याला घर माहीत आहे. काका हाऊसमध्ये उभे होते ते राहवेना म्हणून ब्रश घेऊन स्वतः पुढे धावले. घास घास घासलं. माझा दगड डॉक्टरांच्या दगडाला वळसा घालून आत शिरला आणि बरोब्बर मधोमध थांबला. आमचे सगळे ओरडले. मी उड्या मारत होते, आणि पलीकडून काकांचा हात वर गेला.

"माझा ब्रश लागला," ते म्हणाले.

कुणी पाहिलं नव्हतं. मी शप्पथ सांगते, कुणीही नाही. मी इकडून ओरडले, "काका, नाही लागला!" माझा जन्मातला एकमेव चांगला दगड होता तो! पण काका हात वर करून उभेच. आणि मग ते डॉक्टरांकडे वळले. इतक्या वर्षांनी तोंडावर पाहून पहिलं वाक्य बोलले.

"आता तू ठरव. ठेवायचा की काढायचा."

सगळे थांबले. डॉक्टर मोठ्या मनानं म्हणतील, राहू दे रे, असं मला वाटलं. मंडळाच्या सगळ्यांनाच वाटलं असणार. डॉक्टरांनी दगडाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि आपल्या त्या नाटकी आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं, म्हणाले, "काढ."

काकांनी काढला. डॉक्टर जिंकले. आणि जिंकले म्हणून प्यायला आणायची पाळी त्यांची.

काकूंनी थर्मास भरून आल्याचा चहा आणलाच होता. तयारी पूर्ण होती आमची! डॉक्टरांनी दोन कागदी कपांत ओतला, एक काकांपुढे ठेवला आणि समोर बसले. मी आणि काकू शेजारच्या टेबलाशी, उगाच पोह्यांच्या ताटल्या पुसत. दोघं आपापल्या कपात बघत बसले. चहाची वाफ जात होती. काकूंनी टेबलाखाली माझा हात इतका दाबला, की बांगडीचा वळ उठला. मला वाटलं, संपलं, हा कप रिकामा होईल आणि डॉक्टर ॲरिझोनाला जातील.

आणि काकांनी हात वर केला. तसाच, बर्फावर केला होता तसा, सरळ.

"पानं चिकटली होती," ते म्हणाले. "विंगेत मी गुलाबजाम खात होतो. पाक लागला. पानांचा गठ्ठाच एकदम उलटला. मला तेव्हाच कळलं. पण तू माईकवर बोललास, आणि मग माझ्याच्यानं झालं नाही." हात अजून वरच. "आता तू ठरव."

डॉक्टरांनी चहाचा एक घोट घेतला. मग हळूच त्यांचाही हात वर आला, खांद्यापर्यंत. "माईक चालू आहे हे मला माहीत होतं," ते म्हणाले.

काकू रडायला लागल्या. मी पण. पोह्यांची ताटली तशीच हातात. आणि डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "बाकी काय ठरवायचं ते नंतर," म्हणाले. "आधी माझं स्वगत होऊ दे."

ते उठले. कोट नीट केला. एक खुर्ची ओढून मध्ये ठेवली. मंडळाची मंडळी गप्प झाली, क्लबातले अमेरिकन लोकही काय चाललंय म्हणून वळले. डॉक्टरांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"कोण म्हणतं हे घर रिकामं आहे? या खुर्चीवर..."

आणि आवंढा गिळला. अगदी तसाच! मी काकांकडे पाहिलं तर काका जागेवर नव्हते. कोल्ड्रिंकच्या मशीनमागून आवाज आला, दबका, पण स्वच्छ, "...अजून माझ्या बापाची ऊब आहे."

प्रॉम्प्टर दिसता कामा नये, म्हणून मशीनच्या मागे जाऊन उभे राहिले होते. हातात कागद नाही, काही नाही.

"या खुर्चीवर अजून माझ्या बापाची ऊब आहे," डॉक्टर म्हणाले, आणि पुढे सुटले. घर विकायला निघालेल्या बापाचं स्वगत होतं ते. दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या रेघा, बाजूच्या घरातून येणारा फोडणीचा वास, विकत घेणाऱ्याला हे कुठलंच दिसणार नाही, असं काहीबाही. खरं सांगायचं तर जरा जास्तच होतं. पण मार्चमध्ये घर सोडून जाणारा माणूस ते म्हणत होता, आणि जिथे तो अडखळेल तिथे मशीनमागून पुढचा शब्द येत होता, एकही न चुकता.

लिंडा माझ्या शेजारी उभी होती. तिनं डोक्यावरची टोपी काढली. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "धिस इज द आइस प्रेअर, राइट?"

तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. पण चाल ओळखली होती तिनं. दर रविवारी, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, काका उलटे चालत हेच म्हणत आले होते.

स्वगत संपलं. अमेरिकन लोकांनी ब्रशचे दांडे जमिनीवर आपटले, त्यांची टाळ्यांची रीत तशी आहे. मंडळातल्या बायका डोळे पुसत होत्या. डॉक्टर घाम पुसत खुर्चीत बसले आणि लिंडा काय म्हणाली ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. काका बर्फ करताना दर रविवारी हेच म्हणतात, लोक त्याला मंत्र समजतात. मशीनमागून काका बाहेर आले, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"दर रविवारी?" डॉक्टर म्हणाले.

"कुणाचं तरी पाठांतर पाहिजे ना," काका म्हणाले आणि थंड झालेला चहा एका दमात प्यायले.

डॉक्टर ठरल्याप्रमाणे मार्चमध्ये गेले. घर रिकामं करायला काका रोज तिकडे होते, झुडपांचं कुंपण मधूनच तोडून वाट केलेली. डॉक्टरांचं सामान बांधण्यापेक्षा त्यांच्या फ्रीजचा बर्फ बघण्यातच वेळ घालवला, असं वहिनी सांगत होत्या. जायच्या दिवशी दोघांनी पुन्हा हात मिळवले. या वेळी तोंडं छताकडे नव्हती.

मीही पुढे नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात, पार्सिपनीला आले. इथेही थंडी आहे, इंडियन स्टोअर आहे, आणि फ्रीजरचं दार धड बंद होत नाही. मी पराठे काढताना आता नखानं जरा खरवडून बघते, लोक बघतात तर बघू देत.

मागच्या हिवाळ्यात मिशिगनला गेले तेव्हा रविवारी सकाळी क्लबात डोकावले. दाराशी मलाही रोलर लागला, ओळख वगैरे काही चाललं नाही. मग काकांनी टाकी पाठीवर घेतली, कानात एक छोटा इअरफोन अडकवला आणि उलटे चालायला लागले. मनगट डावीकडे, उजवीकडे. पुटपुटणं सुरू. लिंडा टोपी काढून उभी. अर्ध्या पट्टीवर काका एकदम थांबले, मनगट हवेत, भुवया आकसलेल्या. ॲरिझोनाहून कुणीतरी काहीतरी दुरुस्त करत होतं.

"मोठ्यानं सांग बे," काका म्हणाले, "प्रॉम्प्टर झोपला का?"